ब्रेकनरिजच्या स्टेकहाउसात पहिल्यांदा जेवायला जाताना

कोलोरॅडोतलं ब्रेकनरिज समुद्रसपाटीपासून सुमारे २,९२६ मीटर उंचीवर आहे. कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून आणखी बाराशे-ऐंशी मीटर चढायचं, तेव्हा ही उंची येते. डेन्व्हरच्या मराठी घरांत पाहुणे आले की बर्फ दाखवायला त्यांना इथे आणलं जातंच. मग एका संध्याकाळी कुणीतरी म्हणतं, ‘आज जरा चांगल्या ठिकाणी जेवू’, आणि मंडळी मेन स्ट्रीटवरच्या एखाद्या महागड्या स्टेकहाउसच्या दारात उभी राहतात. मेन्यूत आकडे औंसमध्ये असतात, मांसाच्या तुकड्यांची नावं अनोळखी असतात, चौघांपैकी एक जण शाकाहारी असतो, आणि वेटर पहिल्याच मिनिटाला पाण्याबद्दल प्रश्न विचारतो. या सगळ्यासाठी हा लेख. व्हेल, ॲस्पेन किंवा वायोमिंगमधल्या जॅक्सनला गेलात तरी यातलं बहुतेक सगळं तसंच लागू पडेल.

कोणत्या दिवशी जायचं

गावात पोहोचलात त्या रात्री जाऊ नका. दुसरी किंवा तिसरी रात्र धरा. एवढ्या उंचीवर पहिल्या दिवशी डोकं दुखणं, भूक मरणं, झोप उडणं हे अनेकांना होतं. त्यात जड, चरबीचं जेवण आणि दोन ग्लास वाइन पडली की रात्रभर छताकडे पाहत बसावं लागतं. शिवाय डेन्व्हरहून येणारा आय-७० महामार्ग हिवाळ्यात कधी बर्फामुळे, कधी अपघातामुळे तासन्‌तास अडतो. सातचं टेबल ठेवून साडेचारला डेन्व्हर सोडणाऱ्यांना वाटेतल्या बोगद्याच्या अलीकडेच आठ वाजतात. १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात त्या पट्ट्यात टायरांबाबतचा नियमही असतो. भाड्याची गाडी घेताना तो विचारून घ्या.

नाताळ ते नवीन वर्ष, फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेला जोडून येणारा वीकएंड आणि मार्चमधली शाळांची सुट्टी, या दिवसांत टेबल हवं असेल तर महिनाभर आधी ओपनटेबल किंवा रेझी या आरक्षणाच्या ॲपवर पाहा. सात-साडेसातची वेळ सगळ्यांत आधी जाते. पाच किंवा साडेआठ सहज मिळतं. मुलं किंवा आई-वडील बरोबर असतील तर पाचचीच वेळ घ्या: स्वयंपाकघर मोकळं असतं, वेटरला उत्तरं द्यायला वेळ असतो आणि रात्री पचायलाही वेळ मिळतो. एप्रिलअखेर ते मे आणि ऑक्टोबरच्या आसपासच्या शांत काळाला तिथे ‘मड सीझन’ म्हणतात. काही जागा तेव्हा बंदच असतात, पण ज्या उघड्या असतात तिथे ठरावीक पदार्थांचं स्वस्त जेवण बऱ्याचदा मिळतं.

आरक्षण करताना कार्डाचा नंबर मागतात. न सांगता गैरहजर राहिलात किंवा मुदतीनंतर रद्द केलंत, तर माणशी दंड लागतो. मुदत बहुधा २४ किंवा ४८ तासांची असते. रस्ता बंद झालाय असं दिसताच फोन करा. डोंगरातल्या हॉटेलांना हे रोजचं आहे, लवकर कळवलं तर बहुतेक जण दिवस बदलून देतात.

टेबल मिळालंच नाही तर बारच्या खुर्च्या विसरू नका. तिथे बऱ्याच ठिकाणी आरक्षण लागत नाही, स्वयंपाकघर तेच असतं आणि बारच्या मेन्यूवर छोटा स्टेक व फ्राइज निम्म्या पैशांत सापडू शकतात. दोघांसाठी ही जागा खरं तर जास्त मजेची.

कपडे आणि जाणं-येणं

सूट लागत नाही. स्वच्छ जीन्स, स्वेटर, बर्फाचे साधे बूट चालतात. स्की बूट घालून मात्र आत जाऊ नका, आणि ओली स्की पँटही नको. जाडजूड जॅकेटं दारातच घेऊन टांगतात. गावात ‘फ्री राइड’ नावाची फुकट बस आहे. कुणी पिणार असेल तर तीच बरी, कारण कोलोरॅडोत रक्तातल्या अल्कोहोलची ०.०८ ही हद्द असली तरी ०.०५ पासूनच वेगळा गुन्हा लागतो. दारू मागवणाऱ्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा. वय साठीचं दिसत असलं तरी ओळखपत्र मागतात, आणि भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स चालेलच असं नाही.

बसल्यावर पहिली दहा मिनिटं

‘स्टिल, स्पार्कलिंग ऑर टॅप?’ असं विचारतील. ‘टॅप इज फाइन’ म्हणा. नळाचं पाणी फुकट, चांगलं आणि बर्फ घातलेलं येतं. बर्फ नको असेल तर तेव्हाच सांगा. पहिल्या दोन शब्दांपैकी काहीही बोललात की बाटली उघडली जाते आणि बिलात येते. पाणी भरपूर प्या. त्या कोरड्या हवेत तहान कळत नाही आणि नेहमीची दारू नेहमीपेक्षा लवकर जाणवते.

बिल वेगवेगळं हवं असेल तर ऑर्डरच्या आधी सांगा. शेवटी सांगितलं तर वेटरची तारांबळ उडते.

मग तो ‘स्पेशल’ पदार्थ तोंडी सांगेल, भाव न सांगता. भाव विचारायला लाजू नका. मेन्यूत ‘मार्केट प्राइस’ लिहिलं असेल तिथेही विचारा. ‘वुड यू लाइक टु ॲड अ लॉब्स्टर टेल?’ किंवा ‘ऑस्कर स्टाइल?’ हे प्रश्न आपुलकीने विचारलेले वाटतात, पण ते पैशांचे असतात. ऑस्कर म्हणजे वर खेकडा, शतावरीचे कोंब आणि बेअरनेज सॉस.

मेन्यू वाचताना

इथे स्टेकच्या किमतीत फक्त स्टेक येतो. बटाटा, भाजी, सॉस, सॅलड सगळं वेगळं. या साइड मात्र मोठ्या असतात: एक वाटी दोघा-तिघांना पुरते. चौघांत तीन पुरे. पहिल्यांदा येणारे माणशी एक स्टेक आणि माणशी एक साइड मागवतात, आणि निम्मं अन्न डब्यात जातं.

औंसाचा हिशेब असा: १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. ८ औंस म्हणजे पावकिलोला थोडं कमी, १६ औंस म्हणजे साडेचारशे ग्रॅम. हे वजन कच्च्या मांसाचं. भाजल्यावर पाव भाग तरी घटतो. हाड असेल तर त्याचं वजनही त्याच आकड्यात धरलेलं असतं. टोमाहॉक नावाचा लांब हाडाचा तुकडा ३०-४० औंसांचा असतो, पण त्यातलं बरंचसं वजन फोटोत दिसणाऱ्या हाडाचं. साइड आणि सॅलड असताना माणशी ६ ते ८ औंस कच्चं मांस भरपूर होतं.

तुकडे मुख्यतः चार ओळखावेत. फिले म्हणजे पाठीच्या आतला, फारसं काम न करणारा स्नायू: अगदी मऊ, चरबी कमी, चवही थोडी कमी. रिबआय बरगड्यांकडचा: आत चरबीच्या रेघा, चव सर्वांत जास्त. न्यूयॉर्क स्ट्रिप या दोघांच्या मध्ये: चावायला थोडा घट्ट, एका कडेला चरबीची पट्टी. टी-बोन आणि पोर्टरहाउसमध्ये हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप आणि दुसऱ्या बाजूला फिले असतो. पोर्टरहाउसमध्ये फिलेचा भाग मोठा. नवख्या माणसाने महाग आहे म्हणून फिले घेऊ नये. ज्याला मटणात चरबीचा तुकडा आवडतो त्याने रिबआय घ्यावा, तो निराश होत नाही.

‘प्राइम’, ‘चॉइस’, ‘सिलेक्ट’ या अमेरिकी कृषी खात्याच्या प्रती आहेत, मांसातल्या चरबीच्या जाळीवरून ठरतात, आणि प्राइम सर्वांत वरची. पण ‘प्राइम रिब’ हे पदार्थाचं नाव आहे, प्रतीचं नाही. तो अख्खा भाजून कापलेला बरगडीचा भाग असतो आणि चॉइस प्रतीचाही असू शकतो. ‘ड्राय एज्ड’ म्हणजे थंड, हवेशीर खोलीत बहुधा तीन ते सहा आठवडे मुरवलेलं मांस. लोणच्यासारखंच ते मुरतं: पाणी उडून चव दाट होते, मांसातलीच एन्झाइम तंतू सैल करतात. वास थोडा चीजसारखा, थोडा अक्रोडासारखा येतो. पहिल्याच खेपेला त्यावर जादा पैसे घालू नका. साधा स्टेक कसा लागतो हे आधी कळू द्या. ‘अमेरिकन वाग्यू’ बहुतेक वेळा जपानी वाग्यू आणि अँगस या गुरांच्या जातींचा संकर असतो. जपानचा ए-फाइव्ह, म्हणजे तिथल्या वाग्यूची सर्वांत वरची प्रत, औंसावर विकतात आणि तो इतका चरबीचा असतो की ३ औंसांनंतर नको होतो.

आणि हो, ‘रॉकी माउंटन ऑयस्टर’ हे समुद्रातलं काही नाही. ते बैलाचे तळलेले वृषण असतात. जाणूनबुजून खायची तर खुशाल खा.

किती भाजायचं, हे नीट सांगा

सगळी संध्याकाळ या एका वाक्यावर अवलंबून असते. नावं आणि आतलं तापमान साधारण असं:

रेअर: ४९–५२ अंश सेल्सियस, मध्य लाल आणि जेमतेम कोमट.
मीडियम रेअर: ५४–५७ अंश, मध्य लालसर आणि उबदार.
मीडियम: ६०–६३ अंश, मध्य गुलाबी आणि गरम.
मीडियम वेल: ६५–६८ अंश, गुलाबीची जेमतेम छटा.
वेल डन: ७१ अंशांच्या वर, पूर्ण तपकिरी.

ताटात उतरतं ते लाल पाणी रक्त नव्हे. स्नायूतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन आणि पाणी असं ते मिश्रण असतं. रक्त कत्तलीच्या वेळीच निघून जातं. हे टेबलावर आधीच सांगून ठेवलं की काकूंचा चेहरा वाकडा होत नाही.

दोन हॉटेलांचं ‘मीडियम’ एकच नसतं. म्हणून नावाबरोबर रंगही बोला: ‘मीडियम, वॉर्म पिंक, नो रेड’. शंका असेल तर एक पायरी कमी सांगा. कमी भाजलेला स्टेक परत आचेवर जाऊ शकतो. जास्त झालेल्याला इलाज नसतो, नवा टाकावा लागतो. शिवाय आचेवरून उतरल्यावरही आतलं तापमान तीन-चार अंशांनी चढतं, आणि काही ठिकाणी ताटच इतकं तापवून आणतात की कडेचं मांस तुमच्यासमोर शिजत राहतं. अशा ताटाला हात लावू नका, मुलांपासूनही दूर ठेवा.

सरकारी सल्ला अख्ख्या तुकड्यासाठी ६३ अंश आणि तीन मिनिटं विसावा असा आहे. खिम्यासाठी तो ७१ अंश आहे, कारण खिमा करताना पृष्ठभागावरचे जंतू आतवर मिसळतात. गर्भवती स्त्रिया, लहान मुलं, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे आकडे पाळावेत, आणि बर्गर तर पूर्ण भाजलेलाच घ्यावा.

गुलाबी अजिबात चालत नाही, असं म्हणणारे आपल्यात पुष्कळ. त्यांनी फिले वेल डन मागवणं म्हणजे पैसे जाळणं: चरबी नाही, त्यामुळे तो लाकडासारखा होतो. त्यांच्यासाठी दोन चांगले मार्ग आहेत. एक, मेन्यूत ‘ब्रेझ्ड शॉर्ट रिब’ असेल तर तो. मंद आचेवर तासन्‌तास शिजलेला, काट्याने सुटणारा, आपल्या मटणाच्या रश्शाच्या जवळचा. दुसरा, प्राइम रिबचा ‘एंड कट’, म्हणजे कडेचा तुकडा. तो मुळातच जास्त भाजलेला असतो आणि कवचाला मसालाही भरपूर असतो. तरी स्टेकच हवा असेल तर रिबआय मीडियम वेल घ्या, वितळलेली चरबी थोडं सांभाळून घेते.

जाड तुकड्याला वेळ लागतो. साध्या स्टेकला पंधरा-वीस मिनिटं, टोमाहॉकला पाऊण तासही. म्हणून ऑर्डर लवकर द्या आणि ब्रेडवर ताव मारू नका.

उंचीचा परिणाम स्टेकपेक्षा बटाट्यावर जास्त होतो. ब्रेकनरिजला पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं, आणि पाणी असलेल्या पदार्थाचं पोट त्याच्या फार वर तापत नाही. स्टेक ६० अंशांना तयार होतो, त्याला फरक पडत नाही. भाजलेला बटाटा मात्र समुद्रकाठापेक्षा जास्त वेळ घेतो. जेवता जेवता ‘आणखी एक बेक्ड पोटॅटो’ मागितलात तर तो लगेच येईलच असं धरू नका. (भाड्याच्या घरात कुकरशिवाय तुरीची डाळ का शिजत नाही, त्याचंही कारण हेच.)

बीफ न खाणारे, आणि शाकाहारी

अमेरिकेत स्टेकचं मांस बहुतेक खच्ची केलेल्या खोंडांचं आणि कालवडींचं असतं. आपल्याकडच्या हॉटेलांतल्या ‘बफ’सारखं म्हशीचं नसतं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ‘बायसन’बद्दलही जाणून घ्यावं. तो आपल्या गव्याचा नातेवाईक, म्हणजे गाईच्याच कुळातला. एल्क मात्र सांबरासारखा हरणाच्या कुळातला. हॉटेलात मिळणारा एल्क पाळीव असतो, कारण शिकारीचं मांस विकायला तिथे बंदी आहे. त्यात चरबी फार कमी, त्यामुळे मीडियम रेअरच्या पुढे गेला की काळजासारखा कोरडा लागतो.

बोकडाच्या मटणावर वाढलेल्यांनी कोलोरॅडोचं लॅम्ब घ्यावं. मेंढीचा तो उग्र वास त्याला कमी असतो, आणि भाजलेल्या बरगड्या हातात धरून खाल्ल्या तरी कुणी भुवया उंचावत नाही. ट्राउट हा तिथला सुरक्षित मासा, फक्त काटे काढलेत का ते विचारा. मासा किंवा भाजी स्टेकच्याच जाळीवर भाजतात. ते नको असेल तर ‘इन अ सेपरेट पॅन, प्लीज’ म्हणा.

शाकाहाऱ्यांसाठी खरे सापळे साइडमध्ये आहेत. फ्राइज बऱ्याच ठिकाणी बीफच्या चरबीत तळतात. कांद्याचं सूप हाडांच्या स्टॉकवर असतं, आपल्या भाषेत अळणीवर. सीझर सॅलडमध्ये अँचोव्ही मासा वाटलेला असतो, ‘वेज’ (wedge, म्हणजे लेट्यूसच्या मोठ्या फोडीच्या) सॅलडवर बेकनचे तुकडे, बेक्ड पोटॅटोवरही बेकन. मॅश पोटॅटोत कधी कधी चिकन स्टॉक असतो. अस्सल पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध साकळवणारं रेनेट असतं; ज्यांना तेही चालत नाही त्यांनी ते वगळायला सांगावं. आणि तिथे ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं येतं.

म्हणून दोन दिवस आधी, दुपारी तीन-चारच्या सुमारास फोन करा आणि ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द न वापरता यादी सांगा: ‘नो मीट, नो फिश, नो मीट स्टॉक, डेअरी इज फाइन’. अंडं नको असेल तर तेही. आधी कळलं तर आचारी मशरूम, डाळ किंवा पास्ताचं काही नीट करून देतो. आयत्या वेळी कळलं तर तीन साइड एका ताटात मांडून येतात आणि मुख्य पदार्थाचे पैसे लागतात.

ताट आल्यावर

वेटर जायच्या आत, किंवा तो दोन मिनिटांनी परत येतो तेव्हा, स्टेक मधोमध कापून पाहा. कडेला कापून काही कळत नाही. सांगितल्यापेक्षा वेगळा असेल तर लगेच बोला: ‘कुड दिस गो अ लिटल मोअर?’ यात भीडभाड नको, हे त्यांचं रोजचं काम आहे. अर्धा खाऊन तक्रार केलीत तर मात्र ऐकणारा नाराज होणारच.

सगळा स्टेक एकदम कापून ठेवू नका, गार होतो आणि पाणी सोडतो. एकेक घास कापा, मांसाचे तंतू ज्या दिशेने जातात त्याला आडवा. सॉस मागितला तर तो बाजूला मागवा. पहिला घास मिठावरच खा. तिखट हवंच असेल तर हॉट सॉस मागा, आचारी रागावत नाही. वाटून खाणार असाल तर आधीच सांगा, बऱ्याच ठिकाणी कापून दोन ताटांत आणतात. काही ठिकाणी त्याचे थोडे पैसे घेतात.

पैसे

कल्पना यावी म्हणून चौघांचा एक हिशेब मांडू. दोघांत एक २४ औंसांचा हाडासकट रिबआय ९० डॉलर, ट्राउट ४४, मशरूमचा पदार्थ ३४, दोन सॅलड ३२, तीन साइड ४८, वाटून एक गोड पदार्थ १५, वाइनचे दोन ग्लास ४०. बेरीज ३०३. त्यावर सुमारे ९ टक्के कर, म्हणजे २७. टिप २० टक्के, ६१. एकूण ३९१ डॉलर. मेन्यूत दिसणाऱ्या किमतीत तीस टक्के मिळवून मगच ऑर्डर द्यायची सवय लावा.

टिप ऐच्छिक म्हणतात, पण वेटरचं पोट त्यावर आहे. अशा जागी १८ ते २२ टक्के द्यावी, करापूर्वीच्या रकमेवर. कार्डाच्या यंत्रावर तयार टक्केवारी येते ती कधी कधी करासकट रकमेवर काढलेली असते. सहा किंवा आठपेक्षा जास्त माणसं असतील तर बिलात ‘ग्रॅच्युइटी’ आधीच लावलेली असू शकते. ती ओळ न वाचता वर पुन्हा २० टक्के देणारे दर आठवड्याला सापडतात. ‘सर्व्हिस चार्ज’ दिसला तर तो वेटरला जातो का, हे विचारायला हरकत नाही.

उरलेलं

‘अ बॉक्स, प्लीज’ म्हटलं की डबा मिळतो. हाडही मागून घ्या, रश्श्याला उत्तम. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घातलात तर चामडं होईल. ओव्हन १२० अंश सेल्सियसला ठेवून वीसेक मिनिटं कोमट करा आणि मग तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजू अर्धा-अर्धा मिनिट. किंवा गारच पातळ कापून कांदा, लिंबू, मिरचीबरोबर ब्रेडमध्ये घाला. डबा रात्रभर गाडीत ठेवू नका. अस्वलं जागी असतात त्या महिन्यांत तर मुळीच नाही. त्यांना कारचं दार उघडता येतं, आणि आतून बंद झालं की बाहेर पडण्यासाठी ती गाडीचा आतला भाग फाडून काढतात.